थिंकपॅड एक्स२३० वर डेबियन १२ : चार्जिंगची मर्यादा, पंखा, लाल टिपका वगैरे

टंकाळा | शनि. रात्री ९:१२

यंत्र: थिंकपॅड एक्स२३०, आय५-३३२०एम, ८ जीबी रॅम, १२.५ इंची १३६६×७६८ पडदा, सहा सेलची बॅटरी. डेबियन १२ (लिनक्स), एक्सएफसीई डेस्कटॉप, एक्स११ वर. इन्स्टॉल बिनबोभाट झालं. वायफाय, आवाज, उजेडाच्या कळा पहिल्याच बूटला चालल्या. आता पुढची कामं:

चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायचं आहे, कारण यंत्र बहुतेक वेळ टेबलावर अडॅप्टरला जोडलेलं असेल. पंख्याचा वेग आपल्या हातात हवा. लाल टिपका (कळफलकाच्या मधला, बाण हलवणारा ट्रॅकपॉइंट) फार जड चालतो. यूट्यूबला सीपीयू ६०-७० टक्क्यांवर जातो. आणि झाकण बंद करून बाहेरच्या मॉनिटरवर काम करता यायला हवं.

जालावर याबद्दल ढिगाने माहिती आहे, पण निम्मी २०१३ ची आणि एकमेकींना छेद देणारी. आज काय लागू आहे ते सांगा.

(आज्ञा आणि पाथ आपल्या रिवाजाप्रमाणे देवनागरीत लिहू. टर्मिनलमध्ये अर्थातच रोमनमध्ये टंकायचं आहे.)

कर्नलकट्टा | शनि. रात्री ९:४०

बॅटरीपासून सुरुवात करतो, कारण जुन्या सल्ल्यांचा सगळ्यात जास्त कचरा तिथेच आहे. 'टीपी_एसएमएपीआय' आणि 'एसीपीआय_कॉल' ही दोन मॉड्युलं विसरा. कर्नल (लिनक्सचा गाभा) ४.१७ पासून चार्जिंगच्या मर्यादा 'थिंकपॅड_एसीपीआय' या मूळ ड्रायव्हरमध्येच आल्या आणि डेबियन १२ चा कर्नल ६.१ आहे. बाहेरचं मॉड्युल बांधण्याची गरज उरलेली नाही.

आधी हे बघा:

/सिस/क्लास/पॉवर_सप्लाय/बॅट०/

यात 'चार्ज_कंट्रोल_स्टार्ट_थ्रेशोल्ड' आणि 'चार्ज_कंट्रोल_एंड_थ्रेशोल्ड' अशा दोन फायली दिसतील. पहिलीतला आकडा म्हणजे चार्जिंग कधी सुरू व्हावं, दुसरीतला म्हणजे कधी थांबावं. रूट होऊन थेट आकडा लिहिला तरी चालतं. सुरुवातीचा आकडा शेवटच्यापेक्षा लहानच असला पाहिजे, म्हणून ९६/१०० वरून ७५/८० वर येताना आधी ७५ लिहा, मग ८०. उलटं केलंत तर त्या क्षणी सुरुवात ९६ आणि शेवट ८० असा प्रकार होतो आणि लिहिणं फसू शकतं.

रोजच्या वापराला टीएलपी (वीजबचतीचा प्रोग्रॅम) बरा. 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल टीएलपी', मग /ईटीसी/टीएलपी.कॉन्फ मध्ये या दोन ओळींपुढचं # काढा (फाइलीत ही नावं मोठ्या अक्षरांत आहेत):

स्टार्ट_चार्ज_थ्रेश_बॅट०=७५
स्टॉप_चार्ज_थ्रेश_बॅट०=८०

'सुडो टीएलपी स्टार्ट' केलं की लागू. पडताळा 'सुडो टीएलपी-स्टॅट -बी' ने. प्रवासाला निघण्याआधी पूर्ण भरायची असेल तर 'सुडो टीएलपी फुलचार्ज' द्या. ते तेवढ्यापुरतंच असतं, पुढच्या बूटला परत ७५/८०.

इथे लोक एका गोष्टीने दचकतात. बॅटरी ७८ टक्क्यांवर असताना अडॅप्टर लावला तर चार्जिंग सुरू होणारच नाही, कारण ७८ हे ७५ च्या वर आहे. स्थिती 'नॉट चार्जिंग' दिसेल. तो दोष नाही, तुम्हीच मागितलेलं आहे.

टीएलपी ठेवायचा तर 'पॉवर-प्रोफाइल्स-डेमन' काढून टाका. दोघं एकाच दोऱ्या ओढतात आणि शेवटी कोणाचं चाललं ते कळत नाही. एक्सएफसीईबरोबर तो सहसा येत नाही, ग्नोमबरोबर येतो.

वॉटतास | शनि. रात्री १०:०५

वरच्याला जोड. मर्यादा लावण्याआधी बॅटरीत जीव किती आहे ते मोजा. त्याच फोल्डरमध्ये 'एनर्जी_फुल' आणि 'एनर्जी_फुल_डिझाइन' आहेत, एकक मायक्रोवॉटतास. पहिल्याला दुसऱ्याने भागा. समजा ३,७८,००,००० आणि ६,३०,००,००० असे आकडे आले, तर ६० टक्के क्षमता उरली आहे. जुन्या बाजारातून आलेल्या यंत्रात हे नॉर्मल समजा.

टक्केवारी ४० वरून एकदम ७ वर कोसळत असेल तर मोजमाप बिघडलंय. अडॅप्टर लावून 'सुडो टीएलपी रिकॅलिब्रेट बॅट०' चालवा. बॅटरी पूर्ण उतरवून पुन्हा पूर्ण भरली जाते. काही तास लागतात, मध्ये हात लावू नका. यालाही पूर्वी एसीपीआय_कॉल लागायचं, ५.१७ पासून कर्नलमध्ये आहे.

नवी बॅटरी घ्यायची झाली तर सावध. या पिढीचा एम्बेडेड कंट्रोलर (बॅटरी-पंखा सांभाळणारी बोर्डावरची चिप) बॅटरीची ओळख तपासतो आणि न पटलेल्या बॅटरीला चार्ज करत नाही. विक्रेता 'एक्स२२० ची पण चालते' म्हणाला तर ती यंत्रात बसवून, चार्ज होताना बघून मगच पैसे द्या. लिनक्समध्ये काहीही सेट करून हे बदलत नाही, कारण निर्णय कर्नलच्या खाली होतो.

खटपट्या | शनि. रात्री १०:२२

बॅटरी जास्त टिकवायला ग्रबमध्ये (बूट लोडरमध्ये) हे घाला: आय९१५.एनेबल_आरसी६=१ आणि पीसीआयई_एएसपीएम=फोर्स. शिवाय 'इंटेल-अंडरव्होल्ट' लावून व्होल्टेज ५०-६० मिलिव्होल्ट खाली आणा, पंखा आपोआप शांत होतो.

कर्नलकट्टा | शनि. रात्री १०:३१

तिन्हींना नाही म्हणतो. आरसी६ (ग्राफिक्स चिपची वीजबचत) या यंत्रावर मुळातच चालू असतं, आणि तो पर्याय नव्या कर्नलमधून काढून टाकलेला आहे. घातलात तर डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) अनोळखी पॅरामीटरची एक ओळ वाढेल, इतकंच. 'फोर्स' म्हणजे बायॉस नको म्हणत असताना दामटून एएसपीएम (पीसीआयई जोडण्यांची वीजबचत) लावणं. मिळाला तर अर्धा वॉट मिळेल, आणि वायफाय कार्ड किंवा कार्ड-रीडर अधूनमधून गायब झाला तर कारण शोधत बसाल.

अंडरव्होल्टिंगचा तो मार्ग हॅसवेलपासून पुढच्या प्रोसेसरांसाठी आहे. हा आयव्ही ब्रिज, म्हणजे एक पिढी आधीचा.

सीपीयूच्या बाबतीत काहीच करू नका, हा खरा सल्ला. कर्नल ५.८ पासून अशा जुन्या प्रोसेसरांवर 'इंटेल_पीस्टेट' पॅसिव्ह पद्धतीत चालतो, म्हणून ड्रायव्हरचं नाव 'इंटेल_सीपीयूफ्रेक' दिसतं. ते बघून घाबरून जुना 'एसीपीआय-सीपीयूफ्रेक' परत आणणारे आहेत. आणू नका.

खटपट्या | शनि. रात्री १०:३८

मान्य. हॅसवेलचं डोक्यात नव्हतं. वरचा प्रतिसाद तसाच ठेवतो, म्हणजे पुढच्याला उत्तरही सापडेल.

गारवा | शनि. रात्री ११:०३

पंखा. हा भाग जरा सविस्तर, कारण चुकलं तर तापमान वाढतं.

ड्रायव्हर सुरक्षेसाठी पंख्याचं नियंत्रण बंद ठेवतो. /ईटीसी/मॉडप्रोब.डी/ मध्ये थिंकपॅड.कॉन्फ नावाची फाइल करून एकच ओळ लिहा:

ऑप्शन्स थिंकपॅड_एसीपीआय फॅन_कंट्रोल=१

मग यंत्र पुन्हा सुरू करा. /प्रॉक/एसीपीआय/आयबीएम/फॅन वाचलीत तर स्थिती, फेरे आणि लेव्हल दिसेल, आणि खाली कोणत्या आज्ञा चालतात त्याची यादी. त्या 'कमांड्स'च्या ओळी दिसत नसतील तर वरची ओळ लागू झालेली नाही.

लेव्हल ० ते ७, शिवाय 'ऑटो' आणि 'डिसएंगेज्ड'. ० म्हणजे पंखा बंद. 'डिसएंगेज्ड'मध्ये वेगावरचा लगामच सुटतो, पंखा ७ पेक्षाही जोरात फिरतो. धूळ झाडायला ठीक, कायमचं ठेवायला नाही.

आता 'थिंकफॅन' (तापमानानुसार पंखा चालवणारा प्रोग्रॅम) बसवा. डेबियन १२ मधली आवृत्ती १.३ आहे, तिची फाइल यॅमल पद्धतीची. त्यात तीन भाग: सेन्सर, पंखा आणि लेव्हल. सेन्सरमध्ये हार्डवेअर मॉनिटरचा पाथ देताना 'एचडब्ल्यूमॉन३' असा आकड्यासकट देऊ नका. तो आकडा दर बूटला बदलू शकतो आणि मग एक दिवस थिंकफॅन सुरूच होत नाही. पाथ /सिस/क्लास/एचडब्ल्यूमॉन इथवरच द्या, खाली 'नेम: कोअरटेम्प' आणि 'इंडायसेस: [१]'. पंख्यात 'टीपीएसीपीआय: /प्रॉक/एसीपीआय/आयबीएम/फॅन'. लेव्हल अशा:

[०, ०, ५२]
[१, ४८, ५८]
[३, ५४, ६६]
[५, ६२, ७४]
[७, ७०, ८४]
["लेव्हल ऑटो", ८०, ३२७६७]

पहिला आकडा लेव्हल, दुसरा कुठल्या तापमानाखाली ती सोडायची, तिसरा कुठल्या तापमानाला वरच्या पायरीवर जायचं. शेजारच्या पायऱ्या ४ अंशांनी एकमेकींवर चढवल्यात, ते मुद्दाम. ५२ ला वर आणि ५२ लाच खाली असं ठेवलं तर पंखा दर दहा सेकंदांनी चालू-बंद होत राहील, आणि तो आवाज सततच्या आवाजापेक्षा वाईट. शेवटची पायरी 'ऑटो' ठेवा, म्हणजे फार तापलं तर सूत्रं परत कंट्रोलरच्या हातात जातात. या प्रोसेसरची कमाल मर्यादा १०५ अंश आहे, पण तिथवर जाऊ देऊ नये.

आधी 'सुडो थिंकफॅन -एन' असं चालवून पाहा. तो पुढेच चालतो आणि फाइलीतली चूक ओळ क्रमांकासकट सांगतो. यॅमलमध्ये टॅब चालत नाही, फक्त स्पेस. निम्म्या तक्रारी तिथे संपतात. मग 'सुडो सिस्टिमसीटीएल एनेबल --नाऊ थिंकफॅन'.

आणि एवढं करूनही साधं ब्राउझर उघडल्यावर ८५ अंश दिसत असतील तर ते सॉफ्टवेअरचं काम नाही. हीटसिंकच्या पाकळ्यांत धुळीची गादी असते आणि २०१२ सालची पेस्ट दगड झालेली असते. कळफलक आणि हाताखालची पट्टी काढली की पंखा दिसतो. आधी बाहेरची बॅटरी काढायची, विसरायचं नाही.

टंकाळा | रवि. सकाळी ८:५०

बॅटरी झाली, ७५/८० लागू. क्षमता ७१ टक्के आली. थिंकफॅन मात्र सुरू होत नाही. 'मॉड्युल थिंकपॅड_एसीपीआय डझन्ट सीम टू सपोर्ट फॅन_कंट्रोल' असं काहीसं म्हणतो. फाइल केली आहे, रीबूटही केलं.

गारवा | रवि. सकाळी ९:१५

फाइलीचं नाव .कॉन्फ ने संपतंय ना? '.टीएक्सटी' असेल तर मॉडप्रोब तिच्याकडे बघतही नाही. नाव बरोबर असेल तर /सिस/मॉड्युल/थिंकपॅड_एसीपीआय/पॅरामीटर्स/फॅन_कंट्रोल वाचा. 'वाय' यायला हवं. 'एन' येत असेल तर मॉड्युल इनिटरॅमएफएसमधून (बूटच्या सुरुवातीच्या प्रतिमेतून) आधीच लोड होत असेल. 'सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू' करून पुन्हा बूट करा.

टंकाळा | रवि. सकाळी ९:३२

'.कॉन्फ.टीएक्सटी' झालं होतं. आता चालतंय. एडिटरला शिव्या.

लालटिपका | रवि. सकाळी १०:०४

माझा विषय आला. टिपक्याचे दोन वेगळे नॉब आहेत आणि लोक ते मिसळतात. एक हार्डवेअरमधला: टिपका किती दाबल्यावर किती हालचाल पाठवतो. दुसरा लिबइनपुटमधला (माउस-टचपॅड सांभाळणारं लिनक्सचं सॉफ्टवेअर): आलेल्या हालचालीला किती पळवायचं. जड वाटत असेल तर आधी पहिला वाढवा. दुसराच वाढवला तर टिपका जडच राहतो आणि बाण मात्र भरकटतो.

पहिला इथे: /सिस/डिव्हाइसेस/प्लॅटफॉर्म/आय८०४२/सीरिओ१/सीरिओ२/सेन्सिटिव्हिटी. मूळ किंमत १२८, कमाल २५५. रूट होऊन १८० लिहा, दहा मिनिटं वापरा, मग २०० करून बघा. २२० च्या वर बोट नुसतं टेकलं तरी बाण सरकतो.

रीबूटनंतर टिकवायला /ईटीसी/टीएमपीफाइल्स.डी/टिपका.कॉन्फ मध्ये एक ओळ (फाइलीचं नाव अर्थात रोमनमध्ये): सुरुवातीला डब्ल्यू अक्षर, मग तो अख्खा पाथ, मग चार वेळा - (मध्ये स्पेस), शेवटी आकडा. ओळ बूटच्या वेळी फार लवकर चालली आणि टिपका तेव्हा तयार नसला तर फुकट जाते. तसं झालं तर युडेव्हचा (उपकरण जोडलं गेल्यावर चालणारा) नियम लिहावा लागतो, त्यात उपकरणाचं नाव 'टीपीपीएस/२ आयबीएम ट्रॅकपॉइंट' द्यायचं.

बाण आपोआप एका दिशेला सरकू लागला तर झटापट करू नका. बोट उचला आणि काही सेकंद थांबा. टिपका शून्य बिंदू स्वतःच नव्याने ठरवतो. बोट ठेवूनच राहिलात तर तो तुमच्या दाबालाच शून्य धरतो. टोपी गुळगुळीत झाली असेल तर नवी घ्या, आकड्यांशी खेळून पकड परत येत नाही.

मधलं बटण दाबून स्क्रोल करणं लिबइनपुटमध्ये ट्रॅकपॉइंटला आपसूक मिळतं. टचपॅडबद्दल एकच सांगतो: एक्स२३० च्या टचपॅडचं फर्मवेअर हळू हालचालीला इतकं विचित्र वागतं की लिबइनपुटमध्ये खास या मॉडेलसाठी वेग ठरवणारी वेगळी फाइल आहे. तेव्हा जुना सिनॅप्टिक्स ड्रायव्हर टाकून पंचवीस ओळींची फाइल चिकटवण्यात अर्थ नाही. नको असेल तर टचपॅड बायॉसमधूनच बंद करा.

मिणमिण | रवि. दुपारी १२:४०

व्हिडिओ. यातला ग्राफिक्स भाग एचडी ४०००. तो एच.२६४, एमपीईजी-२ आणि व्हीसी-१ हे व्हिडिओ दाबण्याचे प्रकार हार्डवेअरमध्ये उलगडतो. व्हीपी९, एचईव्हीसी, एव्ही१ नाही. यूट्यूब ब्राउझरला आधी व्हीपी९ किंवा एव्ही१ देतं, आणि तो सगळा भार सीपीयूवर येतो. ड्रायव्हर कितीही नीट बसवलात तरी हे सुटणार नाही, म्हणून दोन गोष्टी करायच्या.

एक, योग्य ड्रायव्हर. पॅकेज 'आय९६५-व्हीए-ड्रायव्हर'. 'इंटेल-मीडिया-व्हीए-ड्रायव्हर' हा ब्रॉडवेलपासून पुढचा, तो इथे चालत नाही. दोन्ही असतील आणि गोंधळ होत असेल तर पर्यावरण चल 'लिबव्हीए_ड्रायव्हर_नेम' ला आय९६५ द्या (चलाचं नाव मोठ्या अक्षरांत). 'व्हीएइन्फो' चालवा. यादीत एच.२६४ च्या ओळींसमोर 'व्हीएलडी' दिसलं की झालं.

दोन, ब्राउझरमध्ये 'एनहान्स्ड-एच२६४फाय' हे एक्स्टेन्शन. ते व्हीपी९ आणि एव्ही१ अडवतं, मग यूट्यूब एच.२६४ देतं. त्यात १०८० च्या वरचे पर्याय दिसेनासे होतात. ७६८ रेघांच्या पडद्यावर त्याचं दुःख करू नये. फायरफॉक्समध्ये अबाउट:कॉन्फिग उघडून 'मीडिया.हार्डवेअर-व्हिडिओ-डिकोडिंग.फोर्स-एनेबल्ड' ट्रू करा.

खरंच चालतंय का ते 'इंटेल_जीपीयू_टॉप' सांगतो. व्हिडिओ सुरू असताना 'व्हिडिओ' नावाची पट्टी शून्याच्या वर हलली पाहिजे.

कर्नलकट्टा | रवि. दुपारी १:१५

झाकण: /ईटीसी/सिस्टिमडी/लॉगइनडी.कॉन्फ मध्ये 'हँडललिडस्विचएक्स्टर्नलपॉवर=इग्नोर' (म्हणजे अडॅप्टर लावलेला असताना दुर्लक्ष कर). बॅटरीवर असताना झोपलेलंच बरं, म्हणून साध्या 'हँडललिडस्विच'ला हात लावू नका. एक्सएफसीईचा पॉवर मॅनेजर मात्र झाकण स्वतःच्या ताब्यात घेतो, त्यामुळे तिथेही 'प्लग्ड इन' खाली 'स्विच ऑफ डिस्प्ले' निवडा. नुसती फाइल बदलून काही फरक पडला नाही असं सांगणाऱ्यांचं नव्वद टक्के वेळा इथेच अडलेलं असतं.

मॉनिटरसाठी मिनी डिस्प्लेपोर्ट आणि व्हीजीए आहे, एचडीएमआय नाही. साधा पॅसिव्ह अडॅप्टर १९२०×१२०० पर्यंत पुरतो. त्यापुढचा मॉनिटर असेल तर थेट डिस्प्लेपोर्टची वायर घ्या, २५६०×१६०० ला ६० हर्ट्झ मिळतात. आतल्या पडद्याचं नाव 'एक्सरँडआर'मध्ये 'एलव्हीडीएस-१' येतं. 'ईडीपी-१' लिहिलेल्या तयार स्क्रिप्ट नव्या लॅपटॉपच्या असतात, त्या इथे चालत नाहीत.

झोपलेलं यंत्र बॅगेत जागं होत असेल तर /प्रॉक/एसीपीआय/वेकअप वाचा. यूएसबीच्या नोंदी 'एनेबल्ड' असतील तर ते नाव त्याच फाइलीत लिहून बंद करा. तो टॉगल आहे. तीच आज्ञा दोनदा दिली की जिथे होतात तिथेच परत. रीबूटला विसरलं जातं, त्यामुळे सिस्टिमडीची छोटी सर्व्हिस लागते.

टंकाळा | रवि. संध्या. ६:२०

सीपीयू १५-२० टक्क्यांवर आला. टिपका १९० वर ठेवला. झाकण पॉवर मॅनेजरमध्येच अडलं होतं. आता शेवटचं: मूळ वायफाय कार्ड इंटेल ६२०५ आहे. ८०२.११एसी प्रकारचं नवं टाकावं का?

वॉटतास | रवि. संध्या. ६:४८

थांबा. या मॉडेलच्या बायॉसमध्ये मान्य कार्डांची यादी आहे. यादीबाहेरचं कार्ड बसवलं तर '१८०२: अनऑथराइझ्ड नेटवर्क कार्ड' असा संदेश येतो आणि बूट तिथेच थांबतं, लिनक्सपर्यंत पोचतच नाही. यादी काढायची म्हणजे बायॉस बदलणं, आणि त्याचे सोपे मार्ग जुन्या बायॉसवरच चालतात. म्हणून बायॉस अद्ययावत करण्याआधी हे ठरवा. एकदा वर गेलात की काम अवघड होतं.

६२०५ वाईट नाही. ५ गिगाहर्ट्झवर जोडा. ब्लूटूथचा त्रास २.४ वर होतो, तोही टळेल. नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फमध्ये कनेक्शन विभागात 'वायफाय.पॉवरसेव्ह=२' केलं की बचत बंद होते आणि एसएसएचमधली अडखळ जाते. (३ म्हणजे चालू. बऱ्याच ठिकाणी उलटं छापलंय.) अपलोड फारच मंद असेल तर 'ऑप्शन्स आयडब्ल्यूएलवायफाय ११एन_डिसेबल=८' करून पाहा. नाव 'डिसेबल' असलं तरी ८ हा आकडा काही बंद करत नाही, पाठवताना पाकिटांची मोट बांधणं चालू करतो. १ लिहिलंत तर मात्र ८०२.११एन खरंच बंद होऊन वेग ५४ एमबीपीएसवर येतो.

वायफाय अजिबात दिसेनासं झालं तर आधी 'आरएफकिल लिस्ट'. 'हार्ड ब्लॉक्ड: यस' असेल तर बाजूचा छोटा स्विच सरकलेला आहे. कुठलीही आज्ञा त्याच्यावर मात करत नाही.

शाईदौत | रवि. रात्री ८:३०

अवांतर, पण याच कळफलकाचं. मराठी इनस्क्रिप्ट (देवनागरी कळरचना) लावलंत तर भाषा बदलायला कॅप्स लॉक द्या (एक्सकेबीचा, म्हणजे एक्स११ च्या कळफलक-मांडणीचा, पर्याय 'जीआरपी:कॅप्स_टॉगल'). उजवा ऑल्ट मोकळा ठेवा, इनस्क्रिप्टची तिसरी पातळी त्यावर आहे. आणि या कळफलकावर प्रिंट स्क्रीन नेमकं उजव्या ऑल्टच्या शेजारी बसवलंय, त्यामुळे टंकताना अधूनमधून स्क्रीनशॉटची खिडकी उघडते. एक्सएफसीईच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये तो शॉर्टकट शिफ्टसकट करा.

डावीकडे एफएन कोपऱ्यात आणि कंट्रोल आत आहे. ती अदलाबदल एक्सकेबीत शोधू नका, बायॉसमध्ये 'कीबोर्ड/माउस' खाली तयार पर्याय आहे.

टंकाळा | रवि. रात्री ९:०५

वायफाय तसंच ठेवतो, ५ वर जोडलं. बायॉसला हात लावत नाही. एफएन-कंट्रोल बदललं, पण कळांवरची नावं तीच राहिल्यामुळे घरात दुसऱ्या कोणी टंकायला घेतलं की बोंब होणार.

लालटिपका | रवि. रात्री ९:११

या मॉडेलवर त्या दोन कळा सारख्या मापाच्या नाहीत, टोप्या अदलून बसत नाहीत. स्टिकर लावा.